जब्र-ओ-मुकाबला मंडळ

गुलबर्ग्यात बीजगणिताचं चर्चामंडळ काढावं असं तिप्पण्णा धन्नुऱ्यांना वाटलं, यात त्यांचा फारसा दोष नव्हता. बोलायला कुणी नसलं की माणसाला काहीही वाटू शकतं. कुणी पोपट पाळतो, कुणी दुसरं लग्न करतो. तिप्पण्णांना पोपटाची शीळ सोसत नसे आणि पहिलंच लग्न राहून गेलं होतं. तेव्हा उरलं मंडळ.

ते कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज इंटरपर्यंतचं, हैदराबादच्या विद्यापीठाला जोडलेलं, आणि त्यातला गणित विभाग म्हणजे दोन माणसं. एक तिप्पण्णा, दुसरे सय्यद मुजतबा साहेब. दोघं रोज संध्याकाळी स्टेशनाजवळच्या हॉटेलात एकच चहा दोघांत घेत आणि टेबलाच्या संगमरवरावर पेन्सिलीनं समीकरणं लिहीत. पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात मुजतबा साहेब कुटुंबासह कराचीला गेले. "पोचलो की पत्ता कळवतो," म्हणाले होते. या गोष्टीला वर्ष होत आलं. तिप्पण्णा अजून त्याच टेबलावर बसत, अख्खा चहा एकटे पीत आणि लिहीत. टेबल पुसणारा म्हातारा एकदा न राहवून म्हणाला, "साब, अब किसके वास्ते लिखते?"

हा प्रश्न तिप्पण्णांच्या जिव्हारी लागला. कारण टेबलावर ते जे लिहीत होते ती काही हौस नव्हती. दोन वर्षं खपून त्यांनी एक सिद्धता रचली होती. बीजगणितात 'गट' म्हणून एक प्रकार असतो, त्याच्याबद्दलची. ओळी सातच, पण तिप्पण्णांच्या मते त्या सात ओळींत जगाला माहीत नसलेली एक गोष्ट होती. मुजतबांनी पहिल्या तीन ओळी पाहून "वा" म्हटलं होतं. पुढच्या चार कुणीच पाहिल्या नव्हत्या. आणि सिद्धतेचं असं असतं की ती दुसऱ्या कुणाला तरी पटावी लागते. आपली आपल्यालाच पटली तर त्याला काही अर्थ नाही. ते म्हणजे आपणच शिंकायचं आणि आपणच 'शंभर वर्षं जग' म्हणायचं.

तर मंडळ. दर मंगळवारी पाच वाजता, कॉलेजच्या चार नंबरच्या खोलीत. तिप्पण्णांनी अर्ज लिहिला आणि प्रिन्सिपॉलसाहेबांकडे नेला. त्यांनी तो लांबूनच वाचला आणि विद्यापीठाकडे बोट दाखवलं. अर्ज हैदराबादला गेला, तीन आठवड्यांनी परत आला. वर शेरा होता, 'विभागप्रमुखांच्या शिफारशीसह सादर करावा.'

आता विभागप्रमुख होते मुजतबा साहेब, ते कराचीला. त्यांच्या जागी हंगामी कोण, तर तिप्पण्णा. त्यांनी स्वतःच्या अर्जावर स्वतःची शिफारस लिहिली. "अर्जदार होतकरू असून" असं लिहिताना त्यांना किंचित लाज वाटली, पण खोडावंसं वाटलं नाही. इतकं चांगलं त्यांच्याबद्दल बरेच दिवसांत कुणी लिहिलं नव्हतं.

हेडक्लार्कांनी तो कागद बाजूला सारला. "अर्जदार बी तुम्ही, शिफारस करणार बी तुम्हीच? चालत न्हाई."

"मग दुसरा माणूस आणू कुठून?"

"ते अर्जदारानं बगायचं."

दोन दिवस विचार करून तिप्पण्णांनी तोडगा काढला. अर्जाखाली इंग्रजीत सही केली, शिफारशीखाली उर्दूत, आणि तीही हिरव्या शाईनं. हेडक्लार्कांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि समाधानानं मान हलवली. "आता बगा. दोन माणसं दिसायलेत."

पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी आणखी एक मेख मारून ठेवली होती. दिवस बेभरवशाचे होते. पाचाहून जास्त माणसं एका जागी जमायची तर पोलिसांची परवानगी घ्यावी लागे. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. तिप्पण्णा मात्र ते ऐकून मनातून सुखावले. पाचाहून जास्त!

ते राहत होते शरणम्माच्या खानावळीच्या माडीवर. शेजारच्या घरात राघोबा पेशकार राहत. तहसिलीत तीस वर्षं पेशकारी करून ते पेन्शनीत निघाले होते, आणि आता आळीतल्या सगळ्यांच्या दरख्वास्ती फुकट लिहून देणं हा त्यांचा छंद होता. फुकट म्हणजे लिहून देण्याचं काही घेत नसत. आपण कोणकोणत्या तालुकदारांच्या हाताखाली काम केलं ते ऐकून घ्यावं लागे. तिप्पण्णांनी दोन तालुकदार ऐकले आणि मग आपलं काम सांगितलं.

"अलजब्रा?" राघोबांनी तोंड वाकडं केलं. "मास्तर, हा बाजारू शब्द झाला. साहेबाच्या टेबलावर जाणारा कागद हाय. दफ्तरी शब्द काय हाय? जब्र-ओ-मुकाबला! तुम्ही उर्दूत शिकलाव ना सगळं? मग?"

शब्द खरा होता. उर्दू पुस्तकांत बीजगणिताला तेच जुनं, भारदस्त नाव होतं आणि तिप्पण्णा स्वतः ते वाचतच एम.ए. झाले होते. राघोबांनी बोरू घेतला आणि सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं की, फिदवी, म्हणजे हा ताबेदार, दर मंगळवारी जब्र-ओ-मुकाबल्याची मजलिस भरवू इच्छितो, त्यात शहरातल्या नौजवानांना या विषयाची तालीम देण्यात येईल, तरी मंजुरी मिळावी.

पोलीस कचेरीतले साहेब नवे होते, मद्रासकडून आलेले. उर्दूचं अक्षर त्यांना येत नव्हतं. त्यांच्यासाठी भाषांतर करायला एक कारकून होता, आणि त्या बिचाऱ्याचा गणिताशी संबंध पाढ्यांपाशी संपलेला. त्यानं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. त्याचा अर्थ असा झाला की, एक इसम दर मंगळवारी जबरदस्ती आणि सामना या विषयाची सभा भरवून शहरातल्या तरुणांना त्याचं शिक्षण देणार आहे, आणि त्यासाठी तो सरकारची परवानगी मागतो आहे.

दोन दिवसांत मंजुरी आली. सरकारी कागद दोन दिवसांत परत येतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे कुणाही शहाण्याच्या लक्षात आलं असतं. तिप्पण्णांनी मात्र राघोबांना पेढे दिले.

मग पाटी. कॉलेजच्या फाटकावर लावायला त्यांनी मराठीत एक पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्यानं 'बीज' वरच्या ओळीत ठसठशीत काढलं, 'गणित' खालच्या ओळीत आणि 'चर्चामंडळ' त्याच्याही खाली. गड्यानं ती फाटकाला अशी बांधली की खालचा अर्धा भाग बोगनवेलीत गेला. पहिल्या मंगळवारी पाचाच्या आधीच खोलीत सात माणसं होती. तिप्पण्णांचा ऊर भरून आला. सातांतले तिघे त्यांचे विद्यार्थी होते, त्यांना वाटलं होतं याची हजेरी लागते. दुसरे तिघे अफजलपूरकडचे शेतकरी होते. त्यांनी सोबत रिकामी पोती आणली होती.

तिप्पण्णांनी वीस मिनिटं गट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग शेतकऱ्यांतले हरिबा नावाचे वयस्कर गृहस्थ अदबीनं उठले. "मास्तर, समदं पटलं. पण बी कवा वाटणार? जोंधळ्याचं हाय का निस्तं तुरीचं?"

खुलासा झाल्यावर हरिबा रागावले नाहीत. उलट जाताना त्यांनी तिप्पण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या. तुमचं बी काय तरी उगवंल."

सातवा माणूस मागच्या बाकावर बसला होता. चाळिशीचा, अंगानं थोराड, धोतर-टोपीतला. मांडीवर जाड वही होती आणि तो सगळा वेळ लिहीत होता. सगळे गेल्यावर तिप्पण्णा त्याच्याजवळ गेले.

"आपण?"

"हावगेप्पा, जी. भालकीचा हाय. गुळाचा धंदा. हितं अडतीवर आलोय. सांजच्याला वेळ जात न्हाई, म्हून आलो."

"भालकीचे? अहो, मी तिथल्या जवळच्याच धन्नुऱ्याचा! गावात कुठं राहता?"

हावगेप्पा क्षणभर घुटमळला. "कडंला," तो म्हणाला.

दुसऱ्या मंगळवारी एक विद्यार्थी आणि हावगेप्पा आले. तिसऱ्या मंगळवारी विद्यार्थ्याला कळलं की हजेरी लागत नाही. उरला हावगेप्पा. तिप्पण्णांनी मनाशी ठरवलं की एक तर एक. ज्याला गुळाचा धंदा करून गटाची गोडी लागते असा एक माणूस शंभर विद्यार्थ्यांच्या तोडीचा. सभा संपल्यावर त्यांनी त्याला शरणम्माच्या खानावळीत जेवायला आणलं. हावगेप्पा चार भाकरी खाऊन गेला. शरणम्मा उष्टी ताटं उचलता उचलता म्हणाली, "मास्तर, ते कोण होते?"

"गुळाचे व्यापारी. भालकीचे."

"गूळवाल्याच्या धोतराला मुंग्या लागतेत. याच्या बुटाला पालिश हाय." तिनं ताटं घंगाळात टाकली. "आन् बसताना पाठ बगितलाव का? कवायत केलेली पाठ हाय ती. मी सांगायलेय म्हून ऐका, ह्यो पोलीस हाय."

तिप्पण्णा हात धुऊन उठले. माडीवर गेले आणि खुर्चीत बसून राहिले. शरणम्माचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या ते का लक्षात आलं नव्हतं, तर येऊ दिलं नव्हतं म्हणून. पहिल्यांदा त्यांना राग आला. एक लेक्चरर, एम.ए. झालेला, आणि त्याच्यावर पाळत? मग थोडी भीतीही वाटली, नोकरी जाईल की काय. पण या दोन्हींच्या खाली आणखी एक विचार होता, आणि तो त्यांनी कुणाला कधी सांगितला नसता. पोलीस असेना का. येतो तर. आपण ओळखलं असं दाखवलं तर तो यायचा बंद होईल.

चौथ्या मंगळवारी त्यांनी काहीच दाखवलं नाही. फक्त रोजच्यापेक्षा सावकाश बोलले, म्हणजे त्याला नीट लिहून घेता यावं. अवघड शब्द दोनदा सांगितले. 'व्यस्त' फळ्यावर मोठ्या अक्षरात काढला. आणि त्याच दिवशी, मुजतबांनंतर पहिल्यांदाच, त्यांनी आपल्या सिद्धतेला हात घातला.

हावगेप्पाही मन लावून लिहीत होता. त्याचं लिहिणं भीतीपोटी होतं. आपल्याला यातलं काही कळत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून कशातला कोणता शब्द महत्त्वाचा ते ठरवायच्या भानगडीत तो पडत नसे. मास्तर शिंकले तर तेही लिही. एकदा तिप्पण्णांनी खडू मोडला, ते त्यानं वेळेसकट नोंदवलं.

सहाव्या मंगळवारी तिप्पण्णा चौथ्या ओळीवर आले. फळ्यावर ती लिहून ते वळले तर हावगेप्पानं हात वर केला होता. त्या खोलीत आजवर कुणी हात वर केला नव्हता. निदान पाणी प्यायला जायचं सोडून.

"मास्तर, एक अडचण हाय."

"बोला, बोला!" तिप्पण्णा दोन पावलं पुढं आले.

हावगेप्पानं वहीची मागची पानं उलटली. "पयल्या मंगळवारी तुम्ही सांगितलाव की गटात अदलाबदल मना हाय. 'अब' म्हंजी 'अब'. 'बअ' लिवायचं न्हाई, ते येगळं निघू शकतंय. मी लाल शाईनं लिवलो. ह्ये बगा. 'नियम: अदलाबदल मना.'"

"बरोबर."

"मग आता चौथ्या ओळीत 'अब' व्हतं, त्याचं तुम्ही 'बअ' केलाव. कामून? कुणाची परवानगी घेतलाव?"

तिप्पण्णा हसले. असा प्रश्न नवशिक्याला पडतोच. त्याचं उत्तर द्यायला ते फळ्याकडे वळले, आणि वळलेलेच राहिले.

त्या ओळीवरून त्यांची नजर दोन वर्षं रोज फिरली होती. चहाच्या टेबलावर, वर्गात, अंथरुणात. साध्या आकड्यांत तीन पंचे आणि पाच त्रिक सारखेच, त्या सवयीनं हात आपोआप फिरला होता. परवानगी कुणाचीच नव्हती. आणि चौथी ओळ गेली की पाचवी, सहावी, सातवी कशावर उभ्या राहणार?

हावगेप्पाला वाटलं आपलं काही चुकलं. "ऱ्हाऊ द्या मास्तर, हाय तसंच लिवतो. वर कुणी विचारलं त..." तो जीभ चावून थांबला. "म्हंजी, अडतीवर कुणी विचारलं त."

"नका लिहू," तिप्पण्णा म्हणाले. "ती ओळ चुकीची आहे."

"चूक कुणाची?"

"माझी."

हावगेप्पानं लेखणी शाईत बुडवली आणि अतिशय संकोचानं विचारलं, "ते बी लिवू का?"

तिप्पण्णांनी खडू खाली ठेवला. "लिहा," ते म्हणाले.

त्या दिवशी ते हॉटेलात गेले नाहीत. शरणम्मानं भाकरी वर पाठवली ती तशीच परत आली. दोन वर्षांची मेहनत बुडाली याचं दुःख होतंच, पण गंमत अशी की ते दुःख करायला बसले तरी मधूनच त्यांना त्या लाल शाईच्या ओळीची आठवण होई आणि बरं वाटे. कुणीतरी सहा आठवडे लक्ष देऊन ऐकलं होतं. इतकं, की चूक सापडली.

दोनच दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. कारण हावगेप्पानं आपल्या अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'सदर इसमाने आज रोजी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आपली चूक कबूल केली.' सहा आठवडे वाट पाहिल्यावर कचेरीला कबुलीजबाब मिळाला होता.

साहेबांसमोर टेबलावर ती वही आणि तिचं इंग्रजी भाषांतर होतं. साहेब तरुण होते, चेहरा कडक ठेवायची धडपड करत होते. भाषांतराचा कारकून शेजारी उभा होता.

"कोणती चूक कबूल केली तुम्ही?"

"अ आणि ब यांची अदलाबदल केली, साहेब."

"अ कोण आहे?"

"कुणीही."

"आणि ब?"

"तोही कुणीही असला तरी चालतो. फक्त गटातला पाहिजे."

"म्हणजे गट आहे हे तुम्ही मान्य करता?" साहेबांनी कागद उचलला आणि वाचून दाखवला. "'गटातल्या प्रत्येक सभासदास एक व्यस्त असतो. दोघांची गाठ पडली की दोघंही नाहीसे होतात. तसेच गटात एक सभासद असा असतो की, तो कुणालाही भेटला तरी त्या माणसात काहीएक फरक पडत नाही. त्याचे नाव विचारले असता 'एकक' असे सांगण्यात आले. पत्ता समजला नाही. पुढील तपास चालू आहे.' हा एकक कोण?"

तिप्पण्णांना वाटलं, याचा तपास लावणं फार अवघड नाही. पण त्यांनी फक्त खिशातून कागद काढला आणि गट म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मद्रासला बी.ए.ला गणित घेतलं होतं. त्यांनी कारकुनाकडून मूळ दरख्वास्त मागवली, 'जब्र-ओ-मुकाबला' म्हणजे काय ते तिप्पण्णांना विचारलं, आणि ऐकल्यावर रुमाल तोंडाला लावून इतके हसले की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आला.

तिप्पण्णांना हसू आलं नाही. त्यांना एकच सुचलं. "साहेब, तुम्ही गणित केलंय. मंगळवारी पाचला येता का?"

साहेब डोळे पुसत म्हणाले, "धन्नुरे, ते सुटावं म्हणून तर मी पोलिसात आलो."

त्यांनी फाईलवर शेरा लिहिला आणि मोठ्या मनानं तिप्पण्णांना वाचूनही दाखवला. 'मंडळास चालक एक. सभासद नाहीत. कोणताही धोका नाही. प्रकरण बंद.'

"सभासद एक आहे, साहेब," तिप्पण्णा म्हणाले. "हावगेप्पा."

"तो हजर होता. कामावर हजर असणं म्हणजे सभासद असणं नव्हे."

पुढच्या मंगळवारी तिप्पण्णा पाचला चार नंबरच्या खोलीत गेले. मधल्या दिवसांत त्यांनी सिद्धता डागडुजी करून उभी केली होती. एक जादा अट घालावी लागली. आधीइतकी डौलदार राहिली नव्हती, पण उभी होती. साडेपाचपर्यंत कुणी आलं नाही. मग त्यांनी उगीचच सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की आपण सावकाश बोलतोय, कुणाला तरी लिहून घेता यावं म्हणून. ते थांबले, फळा पुसला आणि खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन कचेरीत गेले.

"साहेब, त्या शेऱ्याबद्दल बोलायचं होतं. मंडळ अगदीच निर्धोक आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही."

साहेबांनी मान वर केली.

"म्हणजे अजून पुष्कळ विषय बाकी आहेत. पुढं काय निघेल सांगता येत नाही. थोडे दिवस लक्ष ठेवायला हरकत नसावी."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. या वेळी ते हसले नाहीत. "हावगेप्पाला इथं काम उरलं नाही," ते म्हणाले. "त्याची बदली केली. अफजलपूर तालुक्यात, करजगीला."

राघोबांनी सल्ला दिला की वरपर्यंत दरख्वास्त करावी. शरणम्मानं सल्ला दिला की लग्न करावं, करजगीलाच तिच्या मावसबहिणीची नणंद आहे. तिप्पण्णांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि रविवारी सकाळी अफजलपूरच्या मोटारीत बसले.

मोटार दोनदा बंद पडली. पुढं करजगीपर्यंत एका बैलगाडीत कांद्याच्या पोत्यांवर बसून जावं लागलं. वाटेत गाडीवानानं विचारलं, "कोण पावणे हायत तुमचे?" तिप्पण्णांनी "गुळाचे व्यापारी" असं सांगून टाकलं. चौकीपाशी उतरले तेव्हा कोटाला कांद्याची टरफलं होती आणि टोपी मोटारीतच राहिली होती.

हावगेप्पा चौकीच्या ओट्यावर खाकी कपड्यांत बसला होता. तिप्पण्णांना बघून तो ताडकन उभा राहिला, अर्धवट सलाम केला आणि मान खाली घातली.

"मास्तर, मी तुम्हांला गूळ म्हणलो. खोटं बोललो."

"मला माहीत होतं."

"कवापासून?"

"तिसऱ्या मंगळवारपासून."

"मग हाकललाव कामून न्हाई?"

तिप्पण्णांनी कोटावरचं टरफल झटकलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

हावगेप्पानं त्यांना चौकीमागच्या आपल्या खोलीत नेलं. त्याची बायको नागव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. "बर्री अण्णा, या, बसा," म्हणून तिनं पाट सरकवला. हावगेप्पानं पाणी दिलं, कोपऱ्यातला कोळशाचा तुकडा उचलला आणि तो तिप्पण्णांच्या हातात ठेवला. पांढरी भिंत समोर होतीच.

"ती ओळ नीट झाली का?"

"झाली," तिप्पण्णा म्हणाले आणि उठले.

त्यांनी पहिल्या तीन ओळी लिहिल्या. चौथी नवी लिहिली, जादा अटीसकट. हावगेप्पा मांडी घालून बसला होता, या वेळी वही नव्हती. नागव्वानं मागं वळून भिंतीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "हे काय म्हणायचं?"

तिप्पण्णा उत्तर द्यायला वळले, पण हावगेप्पानं आधीच तोंड उघडलं होतं.

"आगं, मास्तरांचं म्हणणं असं हाय की कंचं काम आधी आन् कंचं मागून, याला लई किंमत हाय. आता तू भाकर आधी थापतीस, मग भाजतीस. आधी भाजून मग थापीन म्हणलीस त जमंल का? न्हाई. म्हून अदलाबदल मना हाय. पर मास्तरांनी हुडकून काढलंय की अमुक एक अट पाळली, त मग चालतंय. तेवढ्यापुरतं."

तिप्पण्णा कोळसा हातात धरून उभे राहिले. एम.ए.च्या वर्गात त्यांना स्वतःला हे इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

नागव्वानं हातावरची भाकरी फिरवत क्षणभर विचार केला. "येवढंच व्हय?" ती म्हणाली. "हे त मला परकरात असल्यापासनं ठावं हाय. याच्यासाठी कालेज काढलेत?"

हावगेप्पा शरमला. "आगं, गप..." पण तिप्पण्णा हसायला लागले होते. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना भिंतीला हात टेकावा लागला आणि कोळशानं पंजा काळा झाला. मग हावगेप्पाही हसला. नागव्वा मात्र गंभीर होती, तिनं खरोखरीच विचारलं होतं.

लांब वेशीवर मोटारीचा भोंगा वाजला. हावगेप्पानं कान दिला. आज बाजार असल्यामुळं संध्याकाळची एक मोटार इथवर येत होती. "शेवटची हाय," तो म्हणाला. "उद्या तुमचं कालेज असंल."

"हो, पहिलाच तास आहे." तिप्पण्णांनी भिंतीकडे बघितलं. "अजून तीन ओळी राहिल्यात."

भोंगा पुन्हा वाजला. नागव्वानं तव्यावरची भाकरी उलटली आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

"मग लिवा की," ती म्हणाली.